मागची चाकं ओढत नाहीत: जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन बहुतेक पावसाळ्यात येतो, आणि बहुतेक धडगाव नाहीतर मोलगीच्या बाजूने येतो. "भो, इंजिन बोंबलस, पन गाडी हालत नही." मग मी तेच सात-आठ प्रश्न विचारतो आणि समोरचा पाऊस चुकवत गाडीखाली वाकून तीच सात-आठ उत्तरं देतो. शहाद्यात माझं गॅरेज लहान, माणसं दोन. फोनवरचा वेळ वाचावा म्हणून हे लिहून ठेवलंय. जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, पहिली सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल) थार, फोर-बाय-फोर स्कॉर्पिओ-बोलेरो आणि अलीकडे सेकंडहँड बाजारात दिसणाऱ्या सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, डस्टर एवढ्यांपुरतंच हे समजा.

माझ्या गाडीत मुळात कोणती चाकं ओढतात?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं उलटंपालटं होतं, म्हणून आधी हेच.

जिप्सी, जीप, थार, बोलेरो, स्कॉर्पिओ या एका भावकीतल्या. यांच्यात इंजिनची ताकद कायम मागच्या चाकांना जाते. पुढची चाकं तुम्ही दांडा ओढला किंवा बटण फिरवलं तरच कामाला लागतात. मागची ओढ गेली की गाडी जागेवर उभी, लपून राहायचा प्रश्नच नाही.

सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, डस्टर यांचं उलट. पुढची चाकं कायम ओढतात, मागच्यांना गरज पडली तरच हाक जाते. इथे मागची ओढ मेली तरी डांबरी रस्त्यावर काहीच कळत नाही. दोन-दोन वर्षं कळत नाही. कळतं ते पहिल्या पावसात, काळ्या मातीत पुढची चाकं चराचरा फिरायला लागल्यावर.

इंजिन रेझ होतं, गिअर पडतो, पण गाडी हलत नाही. क्लच प्लेट गेली ना?

गेली असेल. पण क्लच उघडण्याआधी मीटरच्या काट्याकडे बघा.

२००६ साली मी गॅरेजवाला नव्हतो, गिऱ्हाईक होतो. लिलावातली जिप्सी घेतली होती. तोरणमाळला निघालो आणि सातपायरी घाट चढताना एका वळणावर 'टण्ण' असा आवाज आला. गाडी तिथेच थांबली. गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन मोकळं फिरतंय. ट्रॅक्टरने ओढून एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्तरींनी बोनेटही न उघडता सांगितलं, क्लच गेला. तीन दिवस लागले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं नवं. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, पहिला टाकला, क्लच सोडला. परत तेच. मिस्तरी घाम पुसत खाली वाकले. तेवढ्यात गाडी धुणारं बारा-तेरा वर्षांचं पोरगं खिडकीतून आत डोकावून म्हणालं, "काका, गाडी उभी आणि काटा वीसवर कसा?"

त्या पोराने जे पाहिलं ते एवढंच होतं: जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर बॉक्समधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारा डबा) निघते, मागच्या शाफ्टच्या तोंडापासून. क्लच घसरत असता तर ताकद तिथवर पोचलीच नसती आणि काटा शून्यावर राहिला असता. काटा वीसवर होता, म्हणजे क्लच चांगला, गिअरबॉक्स चांगला, ट्रान्सफर चांगला. तुटलं होतं ते त्याच्या मागे. एक्सल, म्हणजे हाउसिंगमधून चाकाला फिरवणारा दांडा, तुटला होता. जुनी क्लच प्लेट अजून गॅरेजच्या भिंतीला टांगलेली आहे, तिच्यात निम्मं आयुष्य शिल्लक होतं.

तर: गाडी सपाट जागेवर, समोर माणूस नाही, पहिला गिअर, क्लच हळू सोडा. काटा उठला तर बिघाड ट्रान्सफरच्या मागे. काटा शून्यावर राहिला तर क्लच, गिअरबॉक्स, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरमधला आखूड शाफ्ट, नाहीतर ट्रान्सफरचा दांडाच चुकून न्यूट्रलला. (शेवटच्या कारणासाठी लोकांनी वीस-पंचवीस किलोमीटर गाडी ओढत आणलीय. हसू नका, घाईत होतं.) केबलच आधीपासून तुटलेली असेल तर अर्थात ही युक्ती बाद. एबीएसवाल्या नव्या गाड्यांतही बाद, कारण तिथे मीटरला वेग दुसरीकडून कळतो.

काटा हलला, गाडी नाही हलली. मग नेमकं काय तुटलं असेल?

ट्रान्सफरपासून चाकापर्यंत साखळी अशी: प्रोपेलर शाफ्ट (मागे ताकद नेणारा लांब दांडा), त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वळते सांधे), हाउसिंगच्या (मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी कवच) तोंडाचा फ्लँज (बोल्ट लावायची चकती), आत क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं लहान), त्यातले स्पायडर गिअर (दोन चाकांत फिरकी वाटणारे लहान गिअर), आणि डावा-उजवा एक्सल. चाकांना दगड लावा, इंजिन बंद करा आणि आधी फक्त खाली वाकून बघा. प्रोपेलर शाफ्ट लोंबत असेल तर क्रॉस गेला किंवा फ्लँजचे बोल्ट गळाले. हे डोळ्यांना दिसतं. त्याला मिस्तरी लागत नाही.

शाफ्ट जागेवर दिसला तर एकाला दुरून आणि बाजूने बघायला सांगा, मग पुन्हा क्लच सोडा. शाफ्ट फिरतोय आणि चाकं उभी, म्हणजे बिघाड हाउसिंगच्या आत. शाफ्टचं पुढचं टोक फिरतंय आणि मागचं नाही, म्हणजे शाफ्टमध्येच. बघणाऱ्याने गाडीखाली शिरायचं नाही. लांब बाहीचा शर्ट, उपरणं, गमछा घालून तर जवळही जायचं नाही. फोनचा व्हिडिओ चालू करून फोन जमिनीवर सरकवला तर सगळ्यात उत्तम.

हाउसिंग न उघडता आतलं कसं तपासायचं?

हे शिकून घ्या, कारण याला पैसे पडत नाहीत आणि हाउसिंग उघडायला पडतात.

पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. ट्रान्सफर २एचला (ओढ फक्त मागच्या चाकांना). मागचं हाउसिंग जॅकने उचला आणि दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, तीन विटा म्हणजे घोडी नव्हे. इंजिन बंद. हँडब्रेक सोडा, नाहीतर चाक फिरणारच नाही. पहिला गिअर टाका, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट अडकून बसेल.

आता डावं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा आणि उजव्याकडे बघा.

उजवं चाक तेवढंच उलट्या दिशेने फिरलं आणि शाफ्ट हलला नाही, तर दोन्ही एक्सल आणि स्पायडर ठणठणीत. बिघाड पुढे शोधा.

डावं फिरलं, उजवं ढिम्म, शाफ्टही ढिम्म: एक्सल तुटलाय. डावा की उजवा हे यावरून कळत नाही, कारण दोन्ही वेळा दृश्य सारखंच दिसतं. दोन्ही बाजूंची चाकं-ड्रम काढून एक्सल बाहेर ओढल्यावर एक पूर्ण येईल, एक तुटका. बहुतेक वेळा तुकडा आतच राहतो, स्पायडरच्या दातांत. लांब चुंबकाने निघाला तर नशीब, नाही निघाला तर हाउसिंगमधला गोळा पुढून काढावा लागतो.

गिअर टाकलेला असूनही चाकासोबत शाफ्टही फिरायला लागला आणि दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली, तर शाफ्ट पुढे कुठेतरी सुटलाय. क्लच किंवा ट्रान्सफरकडे जा, हाउसिंग सोडा.

मग गिअर न्यूट्रल करा आणि शाफ्टच हाताने फिरवून बघा. मध्येच 'कट्' करून निसटला, परत धरला, परत निसटला, म्हणजे क्राउन-पिनियनचे दात गेले. हा आवाज एकदा ऐकलात की विसरत नाही. दाढ पडल्यावर जीभ तिथे जाते, तसे कान परत परत तिकडे जातात.

एक धोका जोर देऊन सांगतो. फक्त मागची चाकं उचललेली असताना इंजिन चालू करून ४एच (चारही चाकांना ओढ) कधीही टाकू नका. पुढची चाकं जमिनीवर आहेत, ती गाडीला घोड्यांवरून खाली ओढतील. सीआर-व्ही किंवा डस्टर अशी उचलून गिअरमध्ये टाकणं तर त्याहून वाईट, कारण तिथे पुढची चाकं कायमच ओढतात. तसल्या गाडीची चारही चाकं वर असल्याशिवाय इंजिनला हात लावायचा नाही.

तुटला एकच एक्सल. मग दुसरं चाक का ओढत नाही?

डिफरन्शियलचा, म्हणजे हाउसिंगमधल्या त्या गोळ्याचा, स्वभावच तसा. जिकडे अडथळा कमी तिकडे तो सगळी फिरकी सोडून देतो. तुटलेल्या बाजूला अडथळाच उरला नाही, त्यामुळे तो तिकडेच फिरत बसतो.

चिखलात मागचं एक चाक गरगर फिरतं, दुसरं उभं असतं. काय बदलू?

काही बदलू नका. बिघाड नाही. वरच्या उत्तरातलाच स्वभाव, फक्त इथे एक्सल तुटलेला नाही, चाक चिखलात मोकळं झालंय. एका बागायतदार आबांनी या कारणासाठी एक्सल, क्राउन आणि टायर असं सगळं बदलून घेतलं होतं, तरीही केळीच्या शेतात गाडी फसायचीच. चाकांवर ड्रम ब्रेक चालवणारा हँडब्रेक असेल तर दोन-तीन दात ओढून हळू रेझ करा, फिरणारं चाक अडखळतं आणि उभ्या चाकाला थोडी ओढ मिळते. २०१५ नंतरच्या सीआरडीई थारमध्ये मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आला. तिथे मात्र एक चाक फिरतंय आणि दुसरं उभंच राहतंय असं दिसलं तर तपासायला हवं.

मागचं तुटलंय. ४एच टाकून पुढच्या चाकांवर घरी येऊ का?

येता येतं. मी आलोय, इतरही येतात. पण आधी तीन गोष्टी.

पहिली, पुढच्या चाकांचे फ्री-व्हील हब. जिप्सीत चाकाच्या मध्यभागी हाताने फिरवायची चकती असते, फ्री आणि लॉक. दोन्ही लॉक पाहिजेत. एक जरी फ्री राहिला तरी पुढचा डिफरन्शियल सगळी फिरकी त्याच बाजूला उधळतो आणि गाडी हलत नाही. "४एचही चालत नाही, ट्रान्सफर गेला" असे जे फोन येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा फक्त एक हब फ्रीवर असतो, नाहीतर गंजून अर्धवट अडकलेला असतो.

दुसरी, एक्सल कुठे तुटलाय. आत दातांपाशी तुटला असेल तर बाहेरचं बेअरिंग चाक धरून ठेवतं. बाहेर, चाकाजवळ तुटला असेल तर ड्रमसकट चाक निघून शेजारच्या शेतात जाऊ शकतं. चाक वर-खाली धरून हलवा, बाहेर ओढून बघा. चाक डुगडुगतंय किंवा इंचभर बाहेर आलंय तर एक मीटरही चालवू नका.

तिसरी, प्रोपेलर शाफ्ट लोंबत असेल तर तो काढाच, नुसता तारेने बांधून भागत नाही. त्याचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उचलून फेकेल. जिप्सीचा शाफ्ट दोन्हीकडून फ्लँजला बोल्टने असतो, काढता येतो. काढण्याआधी फ्लँजवर खडूने खूण करा, बसवताना तसाच बसवा.

आणि हळू या. पुढची चाकं पूर्ण वळवून जोरात रेझ केलंत तर पुढचा सीव्ही जॉइंटही (वळत्या चाकाला फिरवणारा सांधा) जाईल, मग बैलजोडी शोधा.

घाटात गाडी तुटली तर गिअरमध्ये ठेवून उभी करावी का?

गिअरवर अजिबात विसंबू नका. एक्सल तुटला किंवा शाफ्ट सुटला की गिअरचा चाकांशी संबंधच संपतो. हँडब्रेक मागच्या चाकांच्या ड्रममध्ये असेल तर तो बहुधा धरेल. पण काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागे, शाफ्टवर असतो. तिथे एक्सल तुटला की गिअरही गेला आणि हँडब्रेकही गेला, दोन्ही एकाच क्षणी. सातपायरीला, लळिंगला किंवा कन्नडच्या घाटात असं झालं तर ब्रेकवरचा पाय न काढता शेजारच्याला आधी खाली उतरवा आणि चाकामागे दगड ठेवायला सांगा. मग बाकीचं.

जुनी जीप आहे. एक्सल अखंड आहे, क्राउन चांगलं, तरी चाक फिरत नाही. हे कसं?

काही जुन्या जीपमध्ये एक्सलचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर हब बसतो आणि मध्ये लोखंडाची लहानशी चावी असते. वरचा मोठा नट ढिला राहिला की हब थोडा थोडा खेळतो आणि एक दिवस चावी कापली जाते. एक्सल आत फिरतो, चाक बाहेर उभं. व्हील कॅप काढा, एकाला क्लच सोडू द्या आणि दुरून नटाकडे बघा. नट फिरतोय, चाक नाही, तर चावी गेली.

नवी चावी शंभर पावलांवरच्या दुकानात मिळते, म्हणून लोक तेवढीच घालून मोकळे होतात. हबचं आणि एक्सलचं निमुळतं तोंड बघा. ओरखडे पडलेत, निळं पडलंय तर नवी चावीही महिन्यात कापली जाणार. नट पूर्ण कसून वर पिन घालायची. दुसऱ्या मालवाहू गाडीचा नट बसतो म्हणून बसवू नका.

नदी ओलांडली, आठवड्याने मागून 'घूं' आवाज सुरू झाला. संबंध आहे का?

आहे, आणि याकडे आमच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

गाडी दोन तास चालून हाउसिंग तापलेलं असतं. गोमाई नदीच्या फरशी पुलावरून पाणी वाहतंय, तुम्ही तसेच आत घातलंत. गरम हाउसिंग एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आक्रसते. हवा आत घ्यायला हाउसिंगच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो. तो मोकळा असेल तर ठीक. पण आपल्या काळ्या मातीत तो दोन पावसाळ्यांत लिंपून बंद होतो. मग हाउसिंग श्वास घेतं ते ऑइल सीलच्या फटीतून, आणि हवेऐवजी पाणी आत येतं.

त्याच दिवशी काही होत नाही. ऑइल ताकासारखं पांढरट होतं, बेअरिंगवर गंज चढतो, आधी 'घूं' येतो, तो वेगाबरोबर वाढतो. पाय सोडल्यावर आवाज बदलत असेल तर पिनियनकडे संशय. असंच चालवत राहिलात तर वर्षभरात क्राउन-पिनियनचे दात झिजतात आणि मग एखाद्या चढावर मागची ओढ जाते. तेव्हा सगळे म्हणतात, चढाने तोडलं. तोडलं होतं मागच्या श्रावणातल्या पाण्याने.

पाण्यातून आल्यावर ड्रेन प्लग किंचित ढिला करून पहिले चार थेंब बघा. ऑइलपेक्षा पाणी जड, तेच आधी येतं. पांढरट दिसलं तर ऑइल काढून नवं ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरा, शे-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बदला. प्लगच्या चुंबकावर राखाडी मलमासारखं असेल तर घाबरू नका, तो रोजचा झिजलेला भुगा. टोचेल असा तुकडा हाताला लागला तर घाबरा. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा. जे नेहमी पाण्यातून जातात त्यांनी ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत न्यावी.

गिअर टाकताना मागून 'टक्क' होतं. लगेच काही तुटेल का?

बहुधा क्रॉस. शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळून बघा, क्रॉसच्या कपात हालचाल दिसली किंवा कपाभोवती लालसर गंजाची पूड दिसली तर बदला. निपल असेल तर ग्रीस दर महिन्याला, पावसाळ्यात त्याआधी.

ट्रान्सफरची चेन ढिली झाल्याने मागची ओढ जाते का?

थार, स्कॉर्पिओसारख्या चेनवाल्या ट्रान्सफरमध्ये मागचा शाफ्ट सरळ फिरतो, चेन पुढच्या शाफ्टला फिरवते. चेन ढिली झाली तर ४एचमध्ये जोर लावल्यावर दाणकन आवाज येतो आणि पुढची ओढ निसटते. मागची ओढ गेल्यावर कोणी चेन बदला म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि गाडी घेऊन निघा.

बटणवाली गाडी आहे. ४डब्ल्यूडीचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी कुठल्याच चाकाने ओढत नाही.

बटणाच्या गाडीत दांड्याऐवजी छोटी मोटर आतला गिअर सरकवते. ती अर्ध्यावर अडकली की ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये राहतो. बॅटरी बघा, फ्यूज बघा, मोटरच्या प्लगमध्ये पाणी-माती बघा. गाडी उभी करून, गिअर न्यूट्रल, क्लच दाबून, बटण पुन्हा २एचला न्या आणि दहा सेकंद थांबा. अनेकदा तेवढ्यात जागेवर बसतं.

सीआर-व्हीला फोर-बाय-फोरचं बटणच नाही. मागची चाकं ओढतात हे ओळखू कसं?

जुन्या सीआर-व्हीत शाफ्ट मागच्या हाउसिंगपर्यंत कायम फिरत असतो. हाउसिंगच्या तोंडाशी दोन पंप आहेत, एक शाफ्टबरोबर फिरतो, दुसरा मागच्या चाकांबरोबर. दोघांचा वेग सारखा असेपर्यंत ऑइल नुसतं फेऱ्या मारतं. पुढची चाकं घसरली की पुढचा पंप जास्त फिरतो, ऑइलचा दाब वाढतो, क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि मागच्या चाकांना ओढ मिळते. ना वायर ना सेन्सर. मला ही रचना आवडते.

तपासायला तापीकाठची वाळू पुरते. पुढची चाकं भुसभुशीत वाळूत, मागची कडक जमिनीवर. मित्राला बाजूला लांब उभं करा, हळूच रेझ करा. पुढची चाकं क्षणभर घसरून गाडी पुढे सरकली तर ठीक. पुढची चाकं खड्डा खणत राहिली आणि मागची मढ्यासारखी पडून राहिली तर ओढ नाही.

त्याआधी मात्र खाली वाकून शाफ्ट आहे का ते बघा. थट्टा नाही. मागच्या मालकाने आवाज येतो म्हणून किंवा मायलेजसाठी शाफ्ट काढून ठेवलेल्या दोन गाड्या माझ्याकडे आल्यात, नव्या मालकाला पत्ताच नव्हता.

शाफ्ट आहे आणि ओढ नाही, तर मागच्या हाउसिंगचं ऑइल. या हाउसिंगला कंपनीचं ड्युअल पंप फ्लुइडच लागतं. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मागून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज येत असेल तर ते जुनं झालंय, बदलल्यावर बहुतेक वेळा आवाज जातो. पण "हाउसिंग आहे, ९० नंबर टाका" म्हणून कोणी गिअर ऑइल भरलं असेल तर चकत्यांची पकड जाते. सेकंडहँड घेतली असेल तर आत काय भरलंय याची खात्री धरू नका, सरळ बदला.

एक्स-ट्रेल किंवा डस्टर. ४डब्ल्यूडी आणि एबीएस दोन्ही दिवे एकदम लागले.

हाउसिंगकडे जाऊ नका. चाकांच्या वेगाचे सेन्सर चारही चाकांवर असतात, त्यांच्याच बातमीवर मागच्या कपलिंगला (मागच्या चाकांना गरजेपुरतं जोडणारा विजेवरचा क्लच) करंट जातो. एका सेन्सरची बातमी बंद झाली की गाडी स्वतःहून मागची ओढ बंद करते. स्कॅनर लावा, कोणत्या चाकाचा ते कळेल. मग तिथे जाऊन आधी माती धुवा, वायर बघा. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळा उंदराने कुरतडलेली वायर सापडते.

नुसता ४डब्ल्यूडीचा दिवा असेल तर कपलिंगचा प्लग बघा. तो गाडीच्या पोटाखाली, नेमका चिखल उडतो तिथे. आणि वाळूत दहा मिनिटं चाकं फिरवल्यानंतर दिवा लागला असेल तर कपलिंग तापलंय. चहा घ्या, इंजिन नुसतं चालू ठेवा, गार झालं की परत येतं. भारतात डस्टरची ऑल-व्हील २०१४ला आली. त्यामुळे तुमची डस्टर त्याआधीची असेल तर मागची ओढ शोधूच नका, ती कधी नव्हतीच.

दोनच टायर नवे टाकले. चालेल का?

२एचवर चालणाऱ्या जीप-जिप्सीला रोजच्या वापरात चालेल. ऑल-व्हील गाडीला नको. पुढचे-मागचे टायर वेगळे झिजलेले असतील तर घेरात फरक पडतो, कपलिंगला वाटतं चाकं कायम घसरताहेत, ते सतत धरतं आणि जळतं.

भंगारातून आख्खं मागचं हाउसिंग आणून बसवू का?

बसवा, पण रेशो जुळवून. दोन मॉडेलची हाउसिंग सारखी दिसली तरी दातांचं प्रमाण वेगळं असू शकतं. मागचं बदललं, पुढचं जुनं राहिलं, मग ४एच टाकताच पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि ट्रान्सफर मरतो. मोजायचं असं: एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा, तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेने मोजा. पुढेही तेच करा (हब लॉक करून). आकडे जुळले तर घ्या. भंगारवाल्याच्या "शंभर टक्के तुमचंच आहे" यावर नको.

पिनियनचे दोनच दात गेलेत. फक्त पिनियन बदलू?

नाही. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घडवलेले, जोडीनेच बदलायचे. बसवताना दातांतली फट डायल गेजने मोजायची, रंग लावून दात कुठे टेकतात ते बघायचं. "हाताने अंदाज येतो" म्हणणारा मिस्तरी कितीही जुना असो, दुसरीकडे जा. खर्चात सगळ्यात महाग हेच काम, क्रॉस-सील-बेअरिंग त्यापुढे किरकोळ.

बंद गाडी तुमच्यापर्यंत आणायची कशी?

जिप्सी-जीप: ट्रान्सफर न्यूट्रल, हब फ्री, दोरीने ट्रॅक्टरमागे, पण ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगा की ब्रेकला इंजिनचा जोर नाही, सावकाश घे. चाक डुगडुगत असेल तर दोरी नको. सीआर-व्ही, एक्स-ट्रेल, डस्टर कधीही दोन चाकं उचलून ओढू नका, चारही चाकं ट्रकवर चढवून आणा. आणि निघण्याआधी मीटरचा काटा बघून ठेवा, मी पहिलं तेच विचारणार आहे.